पोचल्याची रिंग

ज्योत्स्ना पाटीलच्या लेखी "निघते" हे वाक्य अर्धंच होतं. संध्याकाळी तुम्ही पर्स खांद्याला लावून "निघते गं" म्हणालात की ती कॉम्प्युटरवरची नजर न हलवता म्हणायची, "पोचलात की रिंग द्या." रिंग म्हणजे मिस्ड कॉल. एकदा वाजू द्यायचं आणि कापायचं. त्या काळात मोबाइलवर बोलायला माणसं कचरायची आणि सगळं मीरा-भाईंदर असल्या न उचललेल्या फोनांवर चालायचं. एक रिंग म्हणजे खाली उतर, दोन म्हणजे येताना ब्रेड आण. आमच्यासाठी ती काटकसर होती. ज्योत्स्नाचा मात्र त्या रिंगेत जीव अडकलेला असायचा.

मी एकदा विसरले. मी राहायची भाईंदर पूर्वेला इंद्रलोकमध्ये, ऑफिस मीरा रोडला बेव्हर्ली पार्कात. रिक्षा मिळाली की कितीसं अंतर ते! घरी आले, पदर खोचला, कुकर लावला आणि घरचा फोन वाजला.

"सुनीताताई, पोचलात?"

"अगं, भाताला शिट्टी झाली माझ्या."

"मग रिंग?"

"विसरले."

पलीकडे ती इतकी गप्प झाली की मला वाटलं, मी कुणाचा तरी घात केलाय. मग तिने विचारलं, "पोचल्यावर कसं विसरतं माणूस?" रागाने नाही. तिला खरंच कळत नव्हतं. मी म्हटलं, "बाई, पोचलं म्हणूनच विसरतं. वाटेत असेपर्यंत लक्षात होतं की." तिला ते पटलं नाही. "असं कसं," म्हणाली आणि फोन ठेवला. त्यानंतर मी पुन्हा कधी विसरले नाही. कोण तिची ती शांतता पुन्हा ऐकणार!

आमचं ऑफिस म्हणजे एका सोसायटीच्या तळमजल्यावरचे दोन गाळे. मालक मेहुलभाई. एका गाळ्यात दुकानदारांना बिलं छापायची सॉफ्टवेअरं बनायची आणि त्याच्या जिवावर दुसऱ्या गाळ्यात रक्ताची हेल्पलाइन चालायची. मेहुलभाईंच्या वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी रक्त शोधताना घरादाराच्या नाकी नऊ आले होते. तेव्हा ते मनाशी काही बोलले असावेत. फोनवर आम्ही काही बायका. कुणी रक्तगट आणि ठिकाण सांगायचं, आम्ही ते मशीनमध्ये टाकायचं आणि जवळचे रक्तदाते, रक्तपेढ्यांतल्या शिल्लक पिशव्या बघून सांगायच्या. वयाने मी सगळ्यांत मोठी, म्हणून मला ताई म्हणवून घ्यायचा मान आणि घाबरलेल्या माणसांची बोलणी खायचाही.

त्या मशीनमधलं सगळं ज्योत्स्नाने लिहिलेलं. ती राई गावची. भाईंदर पश्चिमेहून उत्तनच्या बसने निघालं की बिल्डिंगा विरळ होतात आणि मिठागरं लागतात, त्या बाजूची. तिचे वडील मिठागरावर कामाला होते. आईशी फोनवर बोलताना तिचं 'हाय' नि 'न्हाय' चालायचं. फोन ठेवला की आमच्याशी आमच्यासारखं बोलायची, आणि तेवढ्यात मेहुलभाई आले तर त्यांच्याशी हिंदीत. एका मिनिटात तीन बायका होऊन दाखवायची आणि तिला स्वतःला त्याचा पत्ता नसायचा.

डब्यात बहुतेक सुकट. मेहुलभाईंच्या ऑफिसात कांदासुद्धा दबकत यायचा, तिथे सुकट म्हणजे काय बोलावं! ती डबा घेऊन सोसायटीच्या जिन्यावर खिडकीपाशी बसून जेवायची आणि मूठभर बडीशेप चावत परत यायची. मेहुलभाईंना सगळं ठाऊक. "काय ज्योत्स्नाबेन, हवा खाऊन आल्या?" असं विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता आपल्या खुर्चीकडे जायचे. ती लाजून लालेलाल व्हायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हवा खायला जायची.

तिची आणखी एक खोड होती. काही अडलं की ती मनगटावरचं घड्याळ काढून कीबोर्डाच्या शेजारी ठेवायची. कोडं सुटलं की मग घालायची. त्यामुळे तिला "झालं का गं?" असं विचारायची गरज नसायची. मनगट बघायचं. आणि "येत नाही", "जमणार नाही" हे शब्द तिच्या तोंडी कधी ऐकले नाहीत. "बघते," म्हणायची. तिच्या माघारी आम्ही तिला 'बघते'च म्हणायचो.

रिंगेच्या त्या वेडाबद्दल मी तिला एकदा छेडलंच. म्हटलं, "तुला काय सगळ्यांची हजेरी घ्यायचीय?" तर म्हणाली, "ताई, आमच्याकडे कुणाला दवाखान्यात नेलं ना, की सोबत गेलेला माणूस परत आल्यावर आधी स्वतःच्या घरात शिरत नाही. देवळापाशी उभा राहतो आणि सांगतो काय झालं ते. बरं असो, वाईट असो. सांगून झालं की मग घर, मग आंघोळ, मग जेवण. तोवर बायका चुलीपाशी नुसत्या बसून असतात." हे सांगताना तिला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. जगभर असंच चालत असणार, अशी तिची समजूत होती.

आधीची आमची व्यवस्था डिस्कवर होती. रक्तगट टाकला की मशीन कुरकुरत शोधत बसायचं आणि पलीकडच्या माणसाचा धीर सुटायचा. ज्योत्स्नाने ते सगळंच्या सगळं उचलून मशीनच्या मेमरीत नेऊन ठेवलं. दाते, पिशव्या, कुणाला काय हवंय, सगळं. डिस्कवर फक्त नक्कल, वीज गेली तर असावी म्हणून. पहिल्या दिवशी मेहुलभाईंनी स्वतः "ओ निगेटिव्ह, बोरिवली" असं टाकलं, आणि बटणावरून बोट उचलायच्या आत नावं समोर. "फरी एक वार!" म्हणाले. पुन्हा टाकलं. पुन्हा तसंच. मग लहान मुलासारखे एकेक स्टेशन टाकत बसले. संध्याकाळी जिलेबी-फाफडा आला. सगळे तिचं कौतुक करत होते आणि ती घड्याळ मनगटात चढवत म्हणाली, "चालतंय."

त्या पडद्यावर खाली एक हिरवं बटण होतं. त्यावर लिहिलं होतं, 'मिळालं'. रक्त मिळाल्याचं कुणी कळवलं की ते दाबायचं. तोपर्यंत त्या माणसाची मागणी मशीनमध्ये उघडी राहणार, आणि नवा दाता आला की मशीन त्याला आधी उघड्या मागण्यांशी ताडून बघणार. प्रत्येक फोनच्या शेवटी आम्ही म्हणायचं, "मिळालं की कृपया कळवा." ते वाक्य ज्योत्स्नाचं. फोनवरच्या बायका ते एका दमात म्हणून टाकायच्या.

काही महिने सुखात गेले. मग मशीन अटकायला लागलं.

अटकायचं म्हणजे पडदा दिसायचा, पण जिवंत नसायचा. टाइप केलेलं उमटायचं नाही. पलीकडे माणूस "हॅलो, हॅलो" करतोय आणि आपण "एक मिनिट हां, दादा" म्हणत त्या पडद्याकडे बघत बसायचं. मग कुणी काही न करता ते आपोआप सुटायचं आणि काहीच झालं नाही अशा थाटात चालायला लागायचं. मला त्याचा फार राग यायचा. बंद पडलं तर निदान बंद पडलं असं सांगता येतं.

ज्योत्स्नाने घड्याळ काढून ठेवलं आणि मला समजावून सांगितलं. कारण मी तिचं डोकं खाल्लं होतं. म्हणाली, "ताई, तुमच्या सोसायटीत सकाळी कचरेवाला येतो ना? दाराबाहेर ठेवलेली बादली नेतो. मशीनमध्येही तसा एक आहे. ज्याची कुणाला गरज उरली नाही, ते तो उचलतो आणि जागा मोकळी करतो. जागा अगदी भरत आली की मात्र तो सगळ्यांना म्हणतो, हलू नका, मला आधी झाडू दे. आता जे अटकलंय ना, तो झाडू चाललाय."

"मग झाडतो तर झाडतो. सारखा सारखा कशाला?"

"तेच तर. झाडतोय, पण त्याला काही मिळत नाहीय. म्हणून पुन्हा झाडतोय. काहीतरी आहे जे दाराबाहेर येतच नाहीय. घरात शिरून तर तो कुणाची पेटी उचलणार नाही."

"कुणाची पेटी?"

"बघते," म्हणाली.

तेव्हापासून ऑफिसात तो शब्द रुळला. पडदा अटकला की एकमेकींना सांगायचं, झाडू आलाय. हसायचोही. हसण्यावारी नेण्याशिवाय आमच्या हातात दुसरं होतं काय?

मेहुलभाईंचा उपाय सोपा होता. "रिस्टार्ट मारो ने, ज्योत्स्नाबेन!" तिला ते मनापासून आवडायचं नाही, पण करायला लागायचं. दुपारी फोन कमी असतात म्हणून तीनची वेळ ठरली. तीन वाजता मशीन बंद-चालू करायचं आणि आम्ही चहा घ्यायचा. पुढे पुढे कोपऱ्यावरचा चहावालाही विचारायचा, "मशीन बंद किया क्या? लाऊँ?" पहिल्या आठवड्यात रिस्टार्टने दिवसभर बरं वाटायचं. मग संध्याकाळपर्यंत. मग चहाचा कप धुऊन होतो न होतो तोच झाडू हजर. ज्योत्स्ना म्हणायची, "रिस्टार्टने तर सगळं रिकामं व्हायला पाहिजे. हे भरलेलंच उठतंय." तिचा चेहरा बघवत नसे.

मग मेमरी वाढवून बघितली. मेहुलभाईंनी मुंबईहून नव्या पट्ट्या आणल्या, वर कुंकवाचं बोट लावून बसवल्या. अटकणं कमी झालं. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. आणि मग एकदा अटकलं ते सुटेचना. पूर्वी घोटभर पाणी पिऊन होईपर्यंत सुटायचं, आता अख्खा चहा निवायला लागला. ज्योत्स्ना कपाळाला हात लावून बसली. "घर मोठं केलं ना आपण," म्हणाली. "आता झाडायला तेवढा वेळ लागणारच. माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं."

तो फोन त्याच दिवसांतला. मीच उचलला होता.

"मॅडम, बी निगेटिव्ह पाहिजे होतं. मिसेसची डिलिव्हरी झालीय. रक्त थांबत नाहीय, डॉक्टर बोलतायत लगेच आणा."

"कुठून बोलताय?"

"भाईंदर पश्चिम."

"नाव?"

"सकपाळ."

आवाज तरुण होता, कोकणी वळणाचा, आणि दमलेला. फोनचा नंबर घेतला, सगळं टाकलं, बटण दाबलं आणि झाडू आला. मी म्हटलं, एक मिनिट हां, दादा. आठवणीतून एका रक्तपेढीचा नंबर सांगायला लागले, तर म्हणाला, "तिथूनच आलोय. नाहीय त्यांच्याकडे." मी पडद्याकडे बघतेय. माउस हलवतेय. तो म्हणतोय, "ताई, बघा ना जरा." मॅडमची ताई झाले होते मी तेवढ्यात. मागे ज्योत्स्ना येऊन उभी राहिली होती. मग फोनमध्ये टूं-टूं व्हायला लागलं. तो नाक्यावरच्या लाल कॉइन बॉक्सवरून बोलत होता, रुपया संपत आला होता. मी ओरडले, "कुठल्या हॉस्पिटलात आहेत त्या?" "इथे स्टेशनच्या..." म्हणाला आणि फोन कापला गेला.

पडदा सुटला तेव्हा माझ्या हातात नुसता रिसीव्हर होता. समोर दोन दाते होते. त्यातला एक तर भाईंदर पश्चिमेचाच.

घेतलेल्या नंबरावर फोन लावला. पानवाल्याने उचलला. "इधर तो सब लोग फोन करता है, मैडम. वो तो गया, रिक्शा पकड़ के." कुठे गेला, ते त्याला कसं ठाऊक असणार? दात्याला मी सांगून ठेवलं, तो बिचारा तयार होऊन बसला. रक्त द्यायला माणूस होता, पण ते न्यायचं कुठे हे कुणालाच माहीत नव्हतं. असा हतबलपणा मी पुन्हा कधी अनुभवला नाही.

ज्योत्स्ना पर्स उचलून बाहेर पडली. स्टेशनच्या आसपासची सगळी नर्सिंग होम्स तिने पालथी घातली. संध्याकाळी परत आली ती गाळ्याच्या दारातच थांबली. आम्ही आत बोलावलं तरी पाऊल आत टाकलं नाही. तिथे उभं राहूनच म्हणाली, "सापडला नाही. कुणी सांगत नाहीत. तुम्ही त्यांच्या कोण, विचारतात." एवढं सांगून झालं, मग आत आली आणि पाणी प्यायली.

त्यानंतरची ज्योत्स्ना वेगळी होती. डबा तसाच परत जायचा. मेमरीत काय काय भरलंय त्याचं चित्र तिने मशीनकडून काढून घेतलं, तर ते इतकं मोठं निघालं की तिच्या कॉम्प्युटरवर उघडेचना. ते बघायलाही तेवढीच मेमरी हवी! ती हसली, पण ते हसणं काही खरं नव्हतं. मग तिने नुसती मोजदाद मागवली. कोणत्या जातीची वस्तू किती आणि तिने किती जागा अडवलीय, एवढंच. त्यात दात्यांच्या नावांच्या याद्याच याद्या निघाल्या. एकाच दात्याचं नाव हजार ठिकाणी. ह्या याद्या कुणी धरून ठेवल्यात, ते ती मागे मागे जात शोधत राहिली.

आणि एका दुपारी, चहाच्या वेळी, माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"ताई, रक्त मिळालं की लोक फोन करतात ना आपल्याला?"

मी हसले. "कोण करतंय गं?"

"म्हणजे?"

"म्हणजे कुणी नाही करत. एक बाई आली होती पेढे घेऊन, तुला दिला होता की मी. बाकी कुणी नाही."

"कुणीच नाही?" तिने बाकीच्या बायकांकडे बघितलं. एकीने मान हलवली. दुसरी म्हणाली, "ते हिरवं बटण ना? मला वाटलं शोभेला आहे."

ज्योत्स्ना माझ्यासमोरच्या स्टुलावर बसली. रडेल असं मला वाटलं, पण रडली नाही. तिने सावकाश सांगितलं. प्रत्येक उघड्या मागणीसोबत तिने त्या माणसाला दाखवलेल्या सगळ्या दात्यांची यादी जोडून ठेवली होती. उद्या त्याचा फोन आला तर कुणाला विचारून झालंय ते आपल्याला माहीत असावं म्हणून. मागणी एवढीशी, पण तिच्या पदराला ही भली मोठी यादी. 'मिळालं' दाबल्याशिवाय मागणी मिटायची नाही, आणि ते कुणी दाबतच नव्हतं. हेल्पलाइन चालू झाल्यापासूनची सगळी माणसं मशीनमध्ये तशीच उभी होती. तीन वाजता मशीन बंद केलं तरी उठल्यावर ते डिस्कवरच्या नकलेतून सगळ्यांना पुन्हा आत घ्यायचं. झाडूला कुणालाच हात लावता येत नव्हता, कारण त्यांची गरज संपलीय असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"मीच सांगितलं होतं त्याला, विसरू नको म्हणून," ती म्हणाली.

मी तिला समजावलं. अगं, रक्त हातात पडलं की माणूस आधी पळतो. मग इंजेक्शन आण, गोळ्या आण, नातेवाइकांना कळव. आपला नंबर लिहिलेला कागद खिशातच धुतला जातो. त्यात कृतघ्नपणा नाही गं. तिने ऐकून घेतलं. ऐकताना तिच्या चेहऱ्यावर तेच होतं, जे मला त्या दिवशी फोनवर ऐकू आलं होतं. असं कसं विसरतं माणूस?

मेहुलभाईंना कळल्यावर ते खूशच झाले. "एटले कारण मिळालं! फर्स्ट क्लास! दोन दिवस झाले की काढून टाकायचं. एक लाइन लिहा, विषय संपला."

"काढायचं म्हणजे काय म्हणून काढायचं?" ज्योत्स्नाने विचारलं. "मिळालं म्हणून, की गेला म्हणून?"

"अरे, मशीनला काय फरक पडतो?"

"मशीनला नाही पडत."

मेहुलभाई वाईट माणूस नव्हते. ते खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "मग काय करू या, तुम्हीच बोला." तिने याद्या तोडून मागण्या तेवढ्या ठेवून बघितल्या. आराम पडला, पण प्रत्येक नव्या दात्यापाठी त्या सगळ्या मागण्यांशी ताडून बघण्यात मशीन दमायचंच. शेवटी ती म्हणाली, "लिहिते ती लाइन. पण त्याआधी मला ह्या सगळ्यांना एकदा विचारू द्या." मेहुलभाईंनी हात जोडले आणि फोन तिच्याकडे सरकवला.

मग ती फोन करत बसली. ही बाई, जिला अनोळखी माणसाशी बोलताना घाम फुटायचा! "नमस्कार, रक्ताच्या हेल्पलाइनवरून बोलतेय. तुम्हाला मिळालं होतं का?" एवढं एकच वाक्य. कित्येक नंबर लागलेच नाहीत. कुणी म्हणालं, "हो हो, केव्हाच, थँक्यू हां." कुणी म्हणालं, "आत्ता विचारताय?" आणि झापलं. एका गुजराती आजोबांनी नातवाचा फोटो बघायला घरी या म्हणून पत्ताच दिला. प्रत्येक 'हो'ला ती हिरवं बटण दाबायची आणि माझ्याकडे बघायची.

आणि एक गृहस्थ होते. तिने त्यांनाही तेच विचारलं. म्हणाले, "ते गेले हो. पण रक्त मिळालं होतं, बरं का. तुमचं काही चुकलं नाही." स्पीकर चालू होता, आम्ही सगळ्यांनी ऐकलं. ज्योत्स्नाने फोन ठेवला. बटण एकच होतं. तिने ते दाबलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

सकपाळसाठी शेवटी तिने त्या पानवाल्यालाच पुन्हा फोन केला. "मैडम, आप फिर से?" म्हणाला तो. त्यालाही वाईट वाटलं असावं. "वो आदमी फिर नहीं आया. आएगा तो बोलूँगा."

तिने ती लाइन लिहिली. दोन दिवसांची मुदत. त्या दुपारी तीनला शेवटचं रिस्टार्ट झालं, आणि मशीन पहिल्या दिवसासारखं पळायला लागलं. झाडू येऊन जायचा तो कळायचाही नाही. तीनचा चहा मात्र सवयीने चालू राहिला. मेहुलभाईंनी पुन्हा जिलेबी-फाफडा मागवला. मी ज्योत्स्नाच्या मनगटाकडे बघितलं. घड्याळ नव्हतं. ते तिने ड्रॉवरमध्ये टाकून दिलं होतं.

पुढे तिला पुण्याला नोकरी लागली. शेवटच्या दिवशी ड्रॉवर रिकामा करताना मी ते घड्याळ तिच्या हातात दिलं. तिने ते न घालता पर्समध्ये टाकलं. मी म्हटलं, चल, तुला बसपर्यंत सोडते, मला पश्चिमेला भाजी घ्यायचीच आहे. भाजी कसली!  वाटेत तिने एकदाच विचारलं, "ताई, मिळालं असेल ना त्याला?" मी म्हटलं, "असेल गं." दुसरं काय म्हणणार होते मी?

उत्तनची बस आली. ती खिडकीपाशी बसली, तिचा मोकळा हात गजावर. मी खालून म्हटलं, "पोचलीस की रिंग दे." इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तिला म्हणत होते. ती हसली. ते हसू मात्र अगदी खरं होतं. "देतेच," म्हणाली. बस वळली आणि दिसेनाशी झाली. त्यानंतर मी तिला पाहिलेलं नाही.

घरी आले. मोबाइल ओट्यावर, कुकरच्या शेजारी ठेवला. भात झाला, रिंग नाही. जेवणं झाली, रिंग नाही. राईपर्यंत बसने असा कितीसा वेळ लागतो! मुलगा म्हणाला, "आई, विसरली असेल." मी त्याच्यावर खेकसले, "ती विसरायची नाही." आणि मोबाइल पुन्हा हातात घेऊन बघितला. शेवटी न राहवून तिच्या घरी फोन लावला. तिच्या आईने उचलला.

"ज्योत्स्ना पोचली का हो?"

"आयली ना कवाच. जेवली नि निजली. उठवू काय?"

"नको, नको. झोपू दे."

"काय निरोप हाय?"

निरोप होता. पोचलेलं माणूस असंच विसरतं बघ, हे मला तिला सांगायचं होतं. त्या माउलीला तो काय कळणार! मी म्हटलं, "काही नाही. पोचली ना, बस."

फोन ठेवला आणि मला रडू फुटलं. मुलगा म्हणाला, पोचली ना ती, मग रडतेस काय? त्याला काय सांगू? सकपाळच्या घरी असा फोन करून विचारायला माझ्याकडे नंबर नव्हता.